धुतलेली थापी

आर्णीचा गवंडी संघ कुणी काढला असं विचारलंत, तर लोक डोमाजीचं नाव सांगतील. सांगोत बापडे. पण संघाचे नियम ज्या वहीत आहेत, त्या वहीतलं पहिलं अक्षर बळीराम मिस्त्रीचं आहे. छप्पन साली शिमगा आटोपल्यावर बावीस गवंडी बाजारातल्या लिंबाखाली जमले. बाहेरचे ठेकेदार एकाला हाकलायचे आणि त्याच्याच अर्ध्या भिंतीवर दुसऱ्याला चढवायचे, म्हणून संघ हवा होता. चौथीपर्यंत शिकलेला एकटा बळीराम, तेव्हा लिहिण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

दुसऱ्याच्या अर्ध्या भिंतीला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यांनी मिळून केला. संघातल्या कुणाच्या घरी मयत झाली तर त्या दिवशी गावात एकही वीट चढणार नाही, हा बळीरामानं सुचवला. आणि शेवटचाही त्याचाच. गवंडी वर्षभर गावोगाव पांगलेले. एका जागी सापडतात ते दसऱ्याला, औजारांच्या पूजेला. म्हणून दसऱ्याला ज्याची थापी पूजेच्या रांगेत, त्याचंच नाव वर्षभर यादीत.

"काय डोकं लढवलं बे!" म्हणत डोमाजीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. दोघं एकाच भिंतीवर काम करून मोठे झालेले. हा नियम पुढं आपल्याच मुळावर येईल हे बळीरामाला कुठून कळावं?

त्याच साली दसऱ्याला बळीराम आणि त्याची बायको प्रभावती नागपूरला गेली आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. यापुढं देवदेव करणार नाही, असा शब्द त्यानं लाखो माणसांत उभं राहून दिला. इकडं त्याची थापी, जाताना ठेवलेली, डोमाजीच्या घरी होती. मित्राचं नाव यादीतून गळू नये म्हणून डोमाजीनं ती रांगेत ठेवली आणि स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावलं.

तिसऱ्या दिवशी बळीराम कामावर आला. थापीवरचं कुंकू पाहिलं, हौदाशी गेला आणि मूठभर रेती घेऊन थापी लख्ख घासली. दिला शब्द पाळायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. पण अख्खं काम थांबून बघत होतं.

डोमाजी जवळ आला. "मी लावलं होतं ते, बळीराम."

"मले मालूम नव्हतं."

"मालूम असतं तं?"

बळीरामाला खोटं बोलता येत नसे. अशा माणसांचं काही खरं नसतं. तो म्हणाला, "तरी धुतलं असतं."

पुढच्या दसऱ्याला तो थापी घेऊन गेला. कुणी हाकललं नाही. डोमाजी म्हणाला, "ठेव ना. जागा हाये तुही."

"ठेवतो. कुंकू नको लावू."

"मंग ते पूजेच्या रांगेत कसं बसंल? तूच लिवलं हाये."

कुणी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळं होता आलं असतं. डोमाजीनं एकवीस नावं वाचली आणि वही मिटली.

त्यानंतर बळीराम एकटा पडला. वस्तीतली घरं, कुठं विहिरीचं बांधकाम, कुठं गिलावा, अशी कामं मिळत; उपाशी राहायची पाळी आली नाही. पण भिंत दोघांची असते. सुताचं दुसरं टोक धरायला कुणी नाही, म्हणून तो ते विटेला बांधायचा, इकडून तिकडं जाऊन सरळ करायचा, पुन्हा परत यायचा. दिवसदिवस तोंडातून शब्द निघत नसे.

"तुमीच एकदा बोला ना डोमाजीभाऊले," प्रभावती दर दसऱ्याला म्हणायची.

"कायले? नियम मीच लिवला."

चौसष्टच्या भादव्यात प्रभावती तापानं गेली. वस्तीतल्या माणसांनी सगळं केलं, काही कमी पडू दिलं नाही. संघाला त्यानं निरोप धाडला नाही. यादीत नाव नसलेल्यासाठी कोण थांबणार? माती देऊन परतताना बाजाराकडून विटा तासल्याचा आवाज येत होता. वस्तीपर्यंत तो आवाज त्याच्या कानांत राहिला, आणि प्रभावतीसाठी न आलेलं रडू त्या आवाजानं आलं.

पुढच्या माघात तांड्यावरचा फुलसिंग चुन्याची गाडी घेऊन आला. तो संघातल्या सगळ्यांनाच चुना पुरवायचा. गाडी सोडता सोडता सहज बोलला, "मिस्त्री, तुमी सही कराले काहून नाही येत?"

"कायची सही?"

"संघाची! बासष्टात सरकारी नोंदणी झाली ना. सायेब म्हने थापी काय सही करते का? तवापासून जानेवारीत सह्या होते. पूजा ज्याले करायची तो करते. तुमाले कोनी सांगतलं नाही?"

चुना गाडीतच राहिला. बळीराम तडक बाजारात गेला. डोमाजी परांचीवर होता. त्याला पाहून खाली उतरला.

"नियम बदलला, तं मले काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, तुले मालूम हाये. एवढंसं गाव!" डोमाजी हातावरचा चुना पुसत राहिला. "मंग वाटलं, तू रुसला. थापी धुतली, तसं आमालेबी धुऊन टाकलं असंल. वैनी गेल्या ते मले दुसऱ्या दिवशी समजलं. तुह्या दारी यायची हिंमत नाही झाली, बळीराम."

त्यानं पिशवीतून वही काढली. पासष्टच्या यादीत पहिली ओळ कोरी होती. त्यानं मागची पानं उलटली. चौसष्टची कोरी, त्रेसष्टचीही कोरी. प्रत्येक कोऱ्या ओळीच्या आधी एकचा आकडा, डोमाजीच्या वाकड्या हातचा.

बळीरामानं त्याच्याकडून पेन मागून घेतला. मग त्यानं पासष्टच्या ओळीवर सही केली.

"ह्याबी भर," डोमाजी घाईघाईनं म्हणाला. "चौसष्ट, त्रेसष्ट. जागा तुहीच हाये."

"नाही," बळीराम म्हणाला आणि पेन परत दिला. "चौसष्टात माही बायको गेली, तवा मी एकटाच होतो. ते तसंच राहू दे."