पहिला तास गणिताचा

शकुंतला गेल्याचं तिच्या सुनेनं मुदखेडहून फोन करून सांगितलं. पुढं लातूरला शोकसभा झाली. तिथं एक निवृत्त शिक्षणाधिकारी गहिवरून म्हणाले, "बाई फार मायाळू होत्या." माझं रडू तिथंच आटलं. मायाळू? शकुंतला कडक होती, हट्टी होती. आणि तिच्या हट्टाची शिक्षा तिला याच साहेबांच्या शेऱ्यावरून झाली होती…

निलंग्याकडच्या एका गावात, संस्थेच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी होतो. ती गणिताला, मी मराठीला. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या; आणि गावात विहिरी कोरड्याठाक. टँकर सकाळी यायचा. पोरं दप्तर घेऊन शाळेत जायची आणि त्यांच्या बहिणी घागर घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. आमच्या शाळेत पहिला तास गणिताचा, कारण म्हणे सकाळी डोकं ताजं असतं! मुली धापा टाकत पोचायच्या तेव्हा तो संपलेला असायचा. मग परीक्षेत नापास.

तपासणीला आलेले हे साहेब भर वर्गात म्हणाले, "मुलींना गणित झेपतच नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"साहेब, झेपायला त्यांना शिकवलंय कुठं?" शकुंतला म्हणाली. "यांच्या भावांना महिनाभर रांगेत उभं करा, मग बोला."

तिनं हेडमास्तरांकडे तास बदलून मागितला. वेळापत्रक मंजूर झालंय, म्हणाले. मग ती माझ्याकडे आली. "मंगल, तुझा पाचवा तास मला दे, माझा पहिला तू घे. मराठीचा धडा पोरी घरी वाचतील. गणित घरी कोण सांगणार?"

मी दिला. महादेवी नावाच्या मुलीला घरात सगळे ठोंबी म्हणायचे. ती त्या वर्षी बीजगणितात अशी रमली, की मधल्या सुट्टीतही फळ्यासमोरून हलेना. तिची आई हरखून म्हणाली, "बाई, माझ्या लेकीला डोस्कं हाय की!"

"पहिल्यापासून हाय," शकुंतला तडकली. "तुम्ही त्याच्यावर घागर ठेवली होती."

निकाल सुधारला. शाबासकी? छे! पुढच्या तपासणीत साहेबांनी मंजूर वेळापत्रक मोडल्याचा शेरा मारला. "कल्पना माझी एकटीची," असं सांगून तिनं मला वाचवलं. संस्थेनं तिला किनवटच्या शाळेवर पाठवलं आणि गणित परत पहिल्या तासाला आलं. महादेवीची धाकटी बहीण गंगा त्याच रांगेत उभी राहिली, दोनदा गणितात राहिली, आणि तिचं लग्न लावून दिलं. पोरीला गणित जमलंच नाही, असं गाव आजही म्हणतं.

शोकसभेत हे सगळं मी उभं राहून सांगितलं. साहेब शाल सारखी करत राहिले.

परवा मुदखेडला तिच्या घरी गेले. ओसरीच्या भिंतीचा एक तुकडा काळा रंगवलेला आहे. निवृत्तीनंतर ती तिथं गल्लीतल्या मुलींना शिकवायची. सतरंजीवर चार मुली अजूनही गणितं करत बसल्या होत्या. "येऊन राहिल्यात रोज," सून म्हणाली. "शाळेत गणिताला कुणी न्हाईच. जागा कवापासून रिकामीच हाय."

एकीनं मान वर केली. "तुम्ही गणिताच्या बाई का?"

"न्हाई गं, मराठीची."

तिनं तरीही पाटी माझ्यापुढं सरकवली. अपूर्णांकांची बेरीज होती. मी खाली बसले.