माईक तपासताना

काल लेकीनं नव्या लॅपटॉपचं खोकं उघडलं, तो कोरा वास आला आणि बेलापूरची आमची पडवी आठवली. पाटावर माझा पहिला लॅपटॉप होता, त्यावर आईनं लावलेलं कुंकू अजून ओलं होतं. माईक तपासायला मी वडिलांना म्हटलं, "काहीतरी बोला." उसाला पाणी देऊन आलेले वडील टोपी सरळ करून ग्रामसभेत उभं राहावं तसे उभे राहिले. "आमच्या पोरीनं कम्प्युटर घेतलाय. लई बरं वाटलं." मग हळूच म्हणाले, "ऱ्हायलं का त्यात?" मी "हो" म्हणाले आणि माईक चालतोय एवढं बघून ते रेकॉर्डिंग लगेच डिलीट केलं. आता वडील नाहीत, त्यांचा आवाजही कुठं नाही. काल लेकीनं मला माईकपुढे बोलायला लावलं, तेव्हा मीही विचारलं, "राहिलं का गं त्यात?" स्क्रीनवरची नजर न काढता ती "हो" म्हणाली.