शूर, शाकाहारी, सुस्वभावी

तंजावरात नवीनच निघालेल्या ब्राउझिंग सेंटरात ते माझ्या शेजारच्या संगणकावर बसत. तालुका कचेरीत हेडक्लार्क, घरी आमच्यासारखेच मराठी, काखेत कायम लाल फितीची फाईल. त्यांच्या पडद्यावर चित्र कधी नसे, नुसती इंग्रजी अक्षरं. त्या अक्षरांच्या खेळात देशोदेशीचे लोक योद्धे होऊन राक्षस मारत. यांचाही एक योद्धा होता.

बाकीचे आपल्या योद्ध्याचे गुण दोन ओळींत उरकत. यांनी लग्नाचं टिपण करावं तसे लिहिले: गोत्र भारद्वाज, नक्षत्र स्वाती, शूर, शाकाहारी, थोरांपुढे मान खाली. प्रत्येक गुणाला वेगळा कागद आणि क्रमांक. एकदा राक्षस अंगावर आला, तर हे फाईल चाळत बसले. “थांबा सार, धैर्य कुठं लावलंय ते बघतो.” धैर्य सापडलं तोवर योद्धा मेला होता.

पुढच्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीसाठी त्यांनी पापनाशमच्या आपल्या पुतण्याचं स्थळ आणलं. टिपण ऐकून आई हरखली, पेढे आणायला निघाली. मी कागद हातात घेऊन वाचला. गोत्रापासून मान खाली घालण्यापर्यंत सगळा तो योद्धाच होता, तलवार तेवढी गाळली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. “सार, हे गुण तर तुमच्या योद्ध्याचे!”

ते जराही गडबडले नाहीत. फाईलची फीत आवळत म्हणाले, “तो तर मेला सार. इतके नीट लावलेले गुण वाया घालवायचे काय?”