प्रमोदिनीआत्याचा भांडकुदळ संघ

झाशीत खेळ म्हणजे हॉकी. अजूनही तसंच आहे. त्यामुळे अठ्ठ्याहत्तर साली आमच्या प्रमोदिनीआत्याला तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मुलींचा फुटबॉलचा संघ उभा करायला सांगितलं, तेव्हा घरात सगळे हसले. आत्या मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, व्यायाम शिक्षिका होती. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं, आवाज इतका हलका की दतिया गेटच्या बाजारात भाजीवाल्याला दोनदा हाक मारावी लागे. मंडळाच्या, म्हणजे झाशी विभागाच्या, स्पर्धेत मुलींचा फुटबॉल नव्याने आला होता आणि शाळेचं नाव आधीच कळवून झालं होतं.

"ताई, तुला त्यातलं काही येतं का?" माझ्या बाबांनी विचारलं. बाबा, म्हणजे विद्याधर मोघे, तिचा धाकटा भाऊ.

"नियम वाचलेत," आत्या म्हणाली. "बाकीचं मुलींबरोबरच शिकेन."

मुली मिळाल्या त्या प्रेम नगरच्या. बहुतेकींचे वडील रेल्वेत होते. कुणी खलाशी म्हणजे मदतनीस, कुणी फिटर, कुणी गेटमन. एकाच वस्तीतल्या, एका नळावर पाणी भरणाऱ्या. गोलमध्ये उभी राहायला चंपा रायकवार तयार झाली, कारण तिला पळायचा कंटाळा होता. रामकुंवर मात्र वाऱ्यासारखी पळे, म्हणून आत्याने तिला सगळ्यात पुढे ठेवलं. सरावाला जागा होती रेल्वेच्या वसाहतीमागचं मुरमाचं मैदान. पडलं की गुडघा सोलून निघे.

पहिल्याच सामन्यात ललितपूरच्या मुलींनी आमची धूळधाण उडवली. मी तेव्हा शाळेत होते आणि आत्याबरोबर गेले होते. परतताना टेम्पोत सगळ्या मुली आणि मी कोंबून बसलो होतो आणि गाडी हलताच भांडण पेटलं.

"काय री, तें बेर-बेर पाछें काय खों आउत ती?" चंपा रामकुंवरवर ओरडली. पुढे राहायचं सोडून तू सारखी मागे का येत होतीस, असं तिचं म्हणणं.

रामकुंवरही कमी नव्हती. बॉल पाठीमागून आला की मला सुधरत नाही, तो समोरून येताना दिसला पाहिजे, असं ती त्याच पट्टीत सांगू लागली. मग बाकीच्याही पडल्या मध्ये. कोण कुणाला बॉल देत नाही, कोण दमल्याचं सोंग करतं, कुणाला डाव्या पायाने मारताच येत नाही, सगळं निघालं. टेम्पोवाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. मला वाटलं, आता आत्या रागावणार. ती खिडकीच्या दांडीला धरून डोळे मिटून बसली होती. मी हात लावला तर म्हणाली, "थांब, ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी तिने रामकुंवरला पुढून काढून मागे फुलबॅकला नेलं. तिथे बॉल नेहमी समोरून येतो. रामकुंवर तिथे अशी उभी राहिली की तिला चुकवून जाणं अवघड झालं. डाव्या पायाने न मारता येणारी मुलगी उजवीकडे गेली. म्हणजे टेम्पोत जे भांडण झालं, तेच आत्याने मैदानावर मांडलं.

तेव्हापासून तिची पद्धतच ठरली. सामना संपला की मुलींना लिंबाखाली बसवायचं, मध्ये भाजलेल्या शेंगा ओतायच्या आणि गप्प राहायचं. मुली मनसोक्त भांडत. भांडण ओसरलं की आत्या दोन वाक्यं बोले. मुली "हओ जिज्जी" म्हणत आणि घरी जात. जिज्जी म्हणजे थोरली बहीण; शाळेतसुद्धा त्या तिला मॅडम म्हणत नसत.

पहिल्या वर्षी हरलो. दुसऱ्या वर्षी मंडळात जिंकलो. तिसऱ्या वर्षी प्रदेशाच्या शालेय स्पर्धेत, लखनौला, अंतिम सामन्यात पोचलो.

समोर आग्र्याच्या मुली होत्या, एका रंगाचे मोजे घातलेल्या. मध्यंतराला आम्ही एका गोलने मागे होतो. मुली बाजूला आल्या आणि पाणी प्यायच्या आधीच जुंपली. ही तिच्या अंगावर, ती हिच्या. खुर्च्यांवर बसलेले पाहुणे बघू लागले. एक पदाधिकारी उठून आले.

"मॅडम, अपनी लड़कियों को चुप कराइए. अच्छा नहीं लगता."

"अभी नहीं, भाईसाहब," आत्या म्हणाली. "अभी काम की बात आ रही है."

आणि ती आलीच. चंपा सांगत होती की त्यांच्या गोलवालीचा पाय दुखतोय, तिने मारलेला बॉल अर्ध्या मैदानापर्यंतही येत नाही, आणि तुम्ही सगळ्या मागे उभ्या राहून काय करता? कुणी पुढे जायचं यावर पुन्हा वाद. शिट्टी वाजायच्या बेतात असताना आत्या म्हणाली, "रामकुंवर, तू पुढे जाऊन त्यांच्या गोलकडे तोंड करून उभी राहा. मागचं चंपा बघेल."

त्यांच्या गोलवालीने बॉल मारला, तो नेमका रामकुंवरच्या समोर पडला आणि तिने तो तसाच परत जाळ्यात घातला. पुढे असाच आणखी एक झाला. चंपाने शेवटची काही मिनिटं अंगावर बॉल घेत काढली. आम्ही जिंकलो. मघाचे पदाधिकारी ढाल द्यायला उभे होते, त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला. झाशीच्या स्टेशनावर प्रेम नगरातली अर्धी माणसं आली होती. आत्या डब्यातून उतरली आणि मुलींचं सामान मोजू लागली. हार तिच्या गळ्यात पडला तेव्हाही तिची नजर पिशव्यांवरच होती.

त्या विजयानंतर कानपूरच्या एका महिला क्लबचे सचिव, जगन्नाथप्रसाद, स्वतः घरी आले. सभ्य माणूस. हिरवळीचं मैदान, मुलींना बूट, दूध-अंडी, राहायला जागा, दर महिन्याला भत्ता, देशभरातून निवडून आणलेल्या मुली. "बस आप जैसा कोई सिखाने वाला चाहिए," ते म्हणाले. आत्याने शाळेतून वर्षाची रजा घेतली. आम्हां सगळ्यांना वाटलं, मुरमाच्या मैदानावर जिने हे केलं ती हिरवळीवर काय करील.

मीही तेव्हा कानपूरला कॉलेजात होते, हॉस्टेलवर राहत होते. रविवारी तिच्याकडे जायची. खेळ तर त्या मुलींचा असा होता की बघत राहावं. एक मणिपूरची, एक बंगालची, दोघी बनारसच्या, प्रत्येक मुलगी आपापल्या गावात पहिली. पण सामने हरत होत्या. हरल्यावर आत्या त्यांना गोल करून बसवी, शेंगा ठेवी आणि वाट बघे. मुली खाली मान घालून बसत. शेंगा तशाच उरत. शेवटी कुणीतरी म्हणे, "जी मॅडम, गलती हो गई," आणि उठत.

तिने मग हुकूम देऊन पाहिलं. तो तिच्या आवाजाला शोभेना, मुलींनाही तो खरा वाटेना. एकदा तिने मुद्दाम दोघींना एकमेकींच्या चुका सांगायला लावल्या. बंगालची मुलगी रडली आणि तिने रात्रीत ट्रंक भरायला घेतली. आत्याने तिची समजूत काढली, पण पुन्हा तसं केलं नाही.

एका रविवारी आम्ही घाटाकडे फिरायला गेलो होतो. तिने अचानक विचारलं, "तू हॉस्टेलात कुणाशी भांडतेस का ग?"

"खोलीतल्या मैत्रिणीशी रोज."

"आणि वॉर्डनशी?"

"छे. काढून टाकतील ना."

आत्या चालता चालता थांबली. मग म्हणाली, "या मुलींचंही तेच आहे. प्रत्येकीची जागा आहे, भत्ता आहे, घरी त्याची वाट बघणारे आहेत. एक शब्द जास्त गेला की परत गावी. चंपा रामकुंवरला काहीही बोलली तरी संध्याकाळी दोघी त्याच नळावर येणार. मला वाटत होतं, झाशीच्या त्या मुलींना मी खेळवते."

वर्ष संपायच्या आधीच जगन्नाथप्रसादांनी तिने काम सोडण्याचा विषय अवघडून काढला, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आत्याने होकार दिला. तिच्या जागी एक निवृत्त फौजी आले. ते प्रत्येकीला कुठे उभं राहायचं ते हात धरून दाखवत, आणि चुकलं तर ते माझं चुकलं असं सांगत. मुली त्यांच्या हाताखाली जिंकू लागल्या. एक सामना बघायला आत्या माझ्याबरोबर आली होती. तिने मनापासून टाळ्या वाजवल्या आणि सामना संपल्यावर फौजींना जाऊन भेटली.

झाशीला बाबांची वेगळीच तयारी होती. "लोकांना सांगू, हवा मानवली नाही," ते म्हणाले.

"हवा छान होती," आत्या म्हणाली. "मला तिथे जमलं नाही, विद्याधर. जे झालं तेच सांगायचं."

आणि तिने तेच सांगितलं. महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत तिचा सत्कार ठेवला होता. तो लखनौच्या ढालीसाठी, वर्षभर उशिरा. समोर सगळी जुनी घराणी, गुरसरायहून आलेले पाहुणे. ढालीवर ती दोन वाक्यं बोलली आणि मग कानपुरात आपण कशा हरलो, का हरलो, ते सविस्तर सांगू लागली. आधी लोक चुळबुळले. नंतर सभा अशी शांत झाली की मागे बसलेल्या मलाही तिचा हलका आवाज ऐकू येत होता. कमळाबाई म्हणून एक वृद्ध बाई होत्या, त्या नंतर माझ्या आईला म्हणाल्या, "हरल्याचं असं ताठ मानेनं सांगणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं." मला त्या दिवशी ढालीपेक्षा त्या भाषणाचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

तोवर जुन्या मुली शाळेतून बाहेर पडल्या होत्या. चंपाला रेल्वेत नोकरी लागली, रामकुंवरचं लग्न झालं. नव्या मुली आल्या त्या शहरभरच्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. जुनी आत्या असती तर तिने लगेच बॉल टाकला असता. या वेळी तिने बॉल कपाटात ठेवला. आधी सगळ्यांना मैदानातले दगड वेचायला लावले. मग रेषा आखायला चुना कालवायला. रविवारी आमच्या घरी स्वैपाकाला बोलवायची. कुणी कणीक मळे, कुणी पुऱ्या लाटे, कुणी नुसतीच बसून खाई. पालक कुरकुरू लागले की फुटबॉल कुठाय. आत्या म्हणे, येतोय.

पाऊस संपला, थंडीची चाहूल लागली. अशाच एका रविवारी पुऱ्या तळताना एक मुलगी दुसरीला म्हणाली, "तेरी पूरी है कि हिंदुस्तान का नक्शा? और काम सारा मैं करूँ, तू बैठी रह." दुसरीने लाटणं आपटलं आणि तोंडाला तोंड दिलं. तिसरी मध्ये पडली. काही वेळात स्वैपाकघरात कुणाचं काय ऐकू येईना. माझी आई घाबरून धावत आली.

आत्या दाराला टेकून ऐकत होती. चेहरा असा की जणू कुणी गाणं म्हणत आहे.

"अग," ती आईला म्हणाली, "गॅस बारीक कर. यांना संपवू दे. उद्यापासून बॉल काढते."