लॉक नट आणि नानाची दहा मिनिटं

गॅरेजला लागून दुकान थाटलं की माल कमी खपतो, किस्से मात्र ढिगाने साठतात! जळगावात मेहरूणच्या रस्त्याला माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि भिंतीपलीकडे नाना मिस्त्रीचं गॅरेज. मी दिवसभर नानाच्याच बाकावर. नानाकडे तुपाचा एक रिकामा डबा होता, त्यात नुसते चेपलेले लॉक नट. एकेक नट म्हणजे एकेका शहाण्याची आठवण.

नव्वदच्या सुमाराला कारला चकचकीत अलॉय व्हील लावायची टूम निघाली. ती चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉक नट. साधा पाना त्याला लागत नाही, त्याची चावी वेगळी. त्या नटाने चोर अडलेला मी काही पाहिला नाही. मालक मात्र हटकून अडायचा!

मग नाना एक जुना, जरासा लहान सॉकेट पाना हातोड्याने त्या नटावर ठोकून बसवायचा आणि लांब पाइप लावून अंग टाकायचा. कर्रर्र! नट बाहेर. "दहा मिनिटं! अकरावं लागलं तर मिशी उतरवीन," असं तो येईल त्याला ऐकवायचा. मिशी अर्थात जागेवर होती.

धुळ्याचे एक डॉक्टर आले. चाक पंक्चर.

"चावी कुठंय?"

"बँकेच्या लॉकरमध्ये. एकदम सेफ!"

दिवस रविवारचा. नाना म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मग गाडी पण तिथंच ठेवायची ना!"

शिरपूरच्या एका कापूस व्यापाऱ्याची तऱ्हा निराळी. नव्या गाडीची पूजा झाली, तेव्हा वहिनींनी नारळाबरोबर ही चावीही लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली. पुढे निर्माल्याबरोबर ते सगळं गाठोडं तापीत! भाऊ गॅरेजात नुसते धुमसत होते. वहिनी ठसक्यात म्हणाल्या, "माले काय माहीत! ते बठ्ठं पूजानंच सामान शे!" नानाने हातोडा उचलला.

एकदा एक हवालदार चहा पीत नानाचं काम बघत होता. चार चाकांचे चार नट काढलेले पाहून त्याचे डोळे विस्फारले. "नाना, तुला एकाला दहा मिनिटं, तर चोराला किती लागतील?"

"पाच. त्याला घाई असते!"

हे ऐकूनही त्या गाडीच्या मालकाने, एका प्रोफेसरने, नवीन लॉक नटच बसवून घेतले. वर चावी नानाकडे ठेवली, म्हणजे हरवायला नको. त्यांचं बघून आणखी दहा-बाराजणांनी आपापल्या चाव्या आणून दिल्या. नानाने सगळ्या एकाच डब्यात टाकल्या. कोणती कोणाची, देव जाणे! प्रोफेसर परत आले तेव्हा नानाने डबा हलवून बघितला आणि सरळ हातोडा घेतला.

आणि मग ती आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची सकाळ.

जामनेरकडच्या एका खेड्यातले आबा लेकीला पोचवायला जळगावपर्यंत आले होते. मंगल आखाजीला माहेरी आलेली, आता जावई तिला शिरपूरला घेऊन चालला होता. तिथून आठवड्याभरात बिऱ्हाड बडोद्याला, बदली झालेली. म्हणजे पुढच्या आखाजीपर्यंत लेक दिसायची नाही. आबांची बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. बाकावर माझ्याशेजारी टेकताना म्हणाले, "पोरगी गेली की घर खायला उठतं हो."

जळगावात शिरताना जावयाच्या कारचं चाक बसलं होतं आणि लॉक नटची चावी गायब! "सकाळी डॅशबोर्डच्या खणात होती हो!" जावई कावून गेला होता. मॅट झटकले, सीटा उचकटल्या. आबासुद्धा गुडघ्यावर बसून सीटखाली हात घालत होते. "कुठं गेली असंल बरं?"

"चावी कशाला पाहिजे?" नाना म्हणाला. "दहा मिनिटं!"

मंगल बापाजवळ येऊन बसली. "औषध वेळेवर घ्याल ना, आबा?" एवढंच विचारून झालं असेल, तोवर कर्रर्र आवाज आला. नऊ मिनिटं! जावई खूश. स्टेपनी काढायला डिकीकडे पळाला. मंगलही पिशव्या उचलायला गेली.

आबा उठले. डोळे पुसायला त्यांनी बंडीच्या खिशातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर काहीतरी खण्णकन फरशीवर पडलं.

मी पाहिलं. नानाने पाहिलं. लॉक नटची चावी!

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. जावई स्टेपनी घेऊन वळायच्या आत नानाने चावीवर चप्पल ठेवली.

"जावईबापू," नाना मोठ्याने म्हणाला, "बाकीच्या तीन चाकांचे लॉक नट पण काढून घ्या. वाटेत पंक्चर झालं तर काय कराल?"

जावयाने घड्याळात पाहिलं. "अजून तीस मिनिटं?"

नानाने मिशीवरून एकदा हात फिरवला.

"छे हो! एकेकाला तासभर! कमीत कमी!"