पाठदुखीचे दोन आकडे

फिजिशियन असिस्टंट व्हायचं तर रुग्णांमध्ये वावरलेलं असावं, म्हणून मी इंदिरानगरच्या एका दवाखान्यात रक्तदाब मोजायचं काम धरलं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला विणकरांच्या पाठदुखीच्या अभ्यासासाठी येवल्याला पाठवलं. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. मी स्वतःला मोठी संशोधक समजत होते.

चौथ्या घरी मागावर बसलेल्या मावशींनी विचारलं, "डॉक्टर का तू?"

"नाही, डॉक्टरांना मदत करणारी होणार आहे."

"म्हंजी कंपाउंडर!"

मी पाच मिनिटं फरक समजावला. "बरं, मोठी कंपाउंडर," त्या म्हणाल्या.

मग मी विचारलं, "शून्य ते दहामध्ये पाठ किती दुखते?"

शेजारी सून उभी होती. मावशी म्हणाल्या, "दोन." मी ऐटीत लिहून घेतलं. सून चहा टाकायला आत गेली, तशा त्या माझ्याकडे झुकल्या. "आठ लिही. तिच्यादेखत सांगितलं तर मला मागावर बसू देणार नाय."

माझा चेहरा उतरला. आधीच्या तीन घरांतही मी सगळ्यांसमोरच विचारलं होतं. चहा पिऊन मी परत तीच दारं वाजवली आणि एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. दोन घरांत आकडा वाढला. तिसऱ्या घरातले काका मात्र तीनवरच ठाम राहिले. "मघाचं लिहिलेलं हरवलं का गं?" असं त्यांनीच मला हळू आवाजात, काळजीने विचारलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी फॉर्मवरच छापून घेतलं, 'एकट्यात विचारावे.'