मागितलेली वाट

ती पाटी मी लावली होती. एवढं एक वाक्य बोलायला मला सात महिने लागले, आणि ते सात महिने लिंबाजीमामांनी माझी चूक स्वतःच्या नावावर वागवली.

मामा रेल्वेत गँगमन होते. सारा जन्म रुळांच्या कडेनं चालण्यात गेला, म्हणून की काय, निवृत्तीनंतरही त्यांना बसणं जमत नसे. चहासुद्धा उभ्यानं, भार या पायावरून त्या पायावर टाकत. "बसा की मामा," म्हटलं की म्हणायचे, "बसलं की गुडघ्याला आठवतंय सर, की आपुन म्हातारं झालाव म्हणून."

उदगीरच्या बाहेर, रेल्वेलाइनच्या पलीकडून टेकडीखालच्या तळ्यापर्यंत एक पायवाट जाते. ती त्यांनीच घडवली. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात चुन्याचा डबा. काटे उचलायचे, गवत काढायचे, वळणावरच्या दगडाला चुना फासायचे. आधी ते एकटेच चालत. मग शुगर निघालेले, गुडघे धरलेले, घरात जीव घुसमटणाऱ्या सुना असे वीस-पंचवीस जण रोज सकाळी येऊ लागले. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून आपसूक गटाचा पुढारी झालो.

निम्मी वाट चार शेतांच्या बांधांवरून जायची. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आमच्याकडे गावं ओस पडतात; सगळे शेतात जेवायला. त्या दिवशी मामा चारही शेतांत जायचे. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी उभं राहून, आंबिलीचा पेला हातात घेऊन म्हणायचे, "इजाजत घ्यायला आलो. अजून एक साल चालू का?"

त्यातल्या एका शेताचे मालक व्यंकटराव हसायचे. "रोजच चालताव की मामा! दरसाल काय पाव्हण्यावानी इचारताव?"

"मालक तुमी हाव. इचारलं तर वाट, न्हाई तर नुसती घुसखोरी."

मला ते विचारणं कमीपणाचं वाटे. उद्या कुणी नाही म्हटलं तर? ही धास्ती मला स्वस्थ बसू देईना. मे महिन्यात मामा मुलीकडे मुखेडला गेले आणि मी पाटी रंगवून घेतली : 'सार्वजनिक पायवाट. अडवू नये.' मामा परतायच्या आदल्या संध्याकाळी व्यंकटरावांच्या बांधावर ती स्वतः सिमेंट कालवून रोवली. गटात कुणाला सांगितलं नाही. मामा परतल्यावर सगळ्यांना चकित करायचं होतं.

व्यंकटरावांचा त्याच बांधावरून भावाशी वाद चालू होता. आपल्या शेताच्या तोंडावर 'सार्वजनिक' वाचून त्यांना वाटलं, जमीनच गेली. मामा परतले त्याच सकाळी व्यंकटराव आमच्या आडवे आले.

"कुणी रोवली ही? कुणाला इचारून?"

"वाटेचं सगळं मामाच बघतात," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि सगळंच खोटं होतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली, माझ्या बुटांकडे. "वाट माझ्या जबाबदारीची हाय, मालक. पाटी आत्ता काढतो."

"मग दरसालचं ते इजाजतीचं नाटक कशाला केलाव?"

मामा खुरप्यानं पाटीचं बूड उकरू लागले. दुपारपर्यंत व्यंकटरावांनी बांधावर बाभळीच्या फांद्या टाकून वाट अडवली.

पावसाळ्यात वाट गवतात बुडाली. गट पांगला. मामा स्टेशनच्या फलाटावर दिसत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना. ते दिसताच मी रस्ता बदलायचो. वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबायचो. पोरं वाट बघत राहायची.

येळवशीच्या सकाळी शेवटी फलाट गाठला. "मामा, ती पाटी…"

"ठाव हाय. बुटावर सिमेट होतं तुमच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, शिकलेलं माणूस हाय, आज न्हाई तर उद्या सोताच बोलंल." ते चालतच राहिले. "पर मला कशाला सांगताव? ज्या बांधावर तोंड मिटलाव, तितं उघडा."

दोघं गेलो. कोपीपुढं पंगत बसली होती. व्यंकटराव उठले नाहीत; पण सणाला आलेल्याला हाकलत नाहीत, म्हणून त्यांच्या बायकोनं आंबील पुढं केली. मी पेला खाली ठेवला.

"पाटी मी लावली," मी म्हणालो. "मामा तेव्हा मुखेडला होते. त्यांना ठाऊकही नव्हतं."

व्यंकटरावांचा घास हातातच राहिला. "अन् मी ह्या माणसाला गावभर नाटकी म्हणत फिरलो?"

मामा नेहमीसारखे उभे होते. मग हळूच, कोपीला हात टेकत, खाली बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मीही त्यांच्यासमोर मातीत बसलो.

"मामा, मी भ्यालो आणि तुमच्या नावामागं लपलो. मला माफ करा." मग व्यंकटरावांकडे वळलो. "तुम्हाला न विचारता तुमच्या बांधावर हात घातला, त्याचीही माफी मागतो. वाट मागायला मी आलेलो नाही. ती मागायची झाली तर मामा मागतील."